लागलं म्हणजे नेमकं काय झालं?

मधल्या सुट्टीत एखादं मूल रडत आपल्याकडे येतं. आपण विचारतो, "काय झालं?" उत्तर ठरलेलं असतं, "बाई, लागलं." मग आपण बघतो. कधी गुडघा सोललेला असतो, कधी पायात काच गेलेली असते, कधी कपाळावर टेंगूळ आलेलं असतं. कधी मात्र काहीच दिसत नाही, तरी मूल रडतच असतं. शब्द तोच, 'लागलं'.

हा साधा शब्द शिक्षकाने जरा उलटून पालटून पाहावा, असं मला बावधनच्या एका वर्गात वाटलं. चांदणी चौकाला लागून असलेलं, राम नदीच्या काठचं हे मुळशी तालुक्यातलं गाव. बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून इथे उंच इमारती उभ्या राहत होत्या. त्यामुळे इथल्या वर्गात गावातल्या जुन्या घरांतली मुलं, मराठवाड्यातून आलेली मुलं आणि बांधकामावर काम करायला परराज्यांतून आलेल्या कुटुंबांतली मुलं एकाच बाकावर बसतात.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीजवळ एक नोंदवही होती. तारीख, नाव, इयत्ता आणि 'काय झालं' असे चार रकाने. चौथ्या रकान्यात पानभर एकच शब्द होता, 'लागलं', 'लागलं', 'लागलं'. मी पाचवीच्या वर्गात ती वही घेऊन गेले आणि म्हटलं, "यावरून डॉक्टरांना काही कळेल का? आपण याच्यासाठी नीट शब्द शोधू या."

शब्दांचा पाऊस पडला. खरचटलं, सोललं, ओरबाडलं, कापलं, चिरलं, टोचलं, रुतलं, ठेचलं, चेंगरलं, भाजलं, पोळलं, मुरगळलं, लचकलं, सुजलं, टेंगूळ आलं, मुका मार बसला, ठेच लागली, चावलं. फळा भरत आला. हिंदी बोलणारी मुलं 'चोट' म्हणाली. मागच्या बाकावरची कर्नाटकातून आलेली एक मुलगी कधी बोलत नसे. ती त्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्यात गाय म्हणतात."

वर्ग खो खो हसला. कोणीतरी हंबरूनही दाखवलं. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. ती खाली बसली. पुढचे चार दिवस तिने वर्गात तोंड उघडलं नाही. तिलाही लागलंच होतं. पण आमच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली नव्हती.

तिच्याकडे आपण परत येऊ. आधी फळ्यावरचे शब्द पाहू.

शब्द म्हणजे निदान

मुलांनी सांगितलेले शब्द नीट पाहा. त्यांतले बहुतेक क्रियापदांतून आलेले आहेत. प्रत्येक शब्द इजा कशी झाली ते सांगतो. त्वचा खडबडीत जमिनीवर घासली तर 'खरचटलं'. धारदार वस्तू फिरली तर 'चिरलं'. अणकुचीदार वस्तू आत गेली तर 'टोचलं'. ती आतच राहिली तर 'रुतलं'. दोन कठीण वस्तूंमध्ये बोट सापडलं तर 'चेंगरलं'. त्वचा शाबूत राहून आतून इजा झाली तर 'मुका मार'. बाहेर काही दिसत नाही, म्हणजे हा मार बोलत नाही, म्हणून तो मुका. किती नेमका शब्द आहे पाहा!

अशी वर्गवारी आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत बाहेरच्या कारणांनी होणाऱ्या जखमांचे सहा प्रकार दिले आहेत. छिन्न म्हणजे कापलेली, भिन्न म्हणजे शस्त्र आत घुसून पोटासारखी पोकळी फोडणारी, विद्ध म्हणजे टोचलेली, क्षत म्हणजे वेडीवाकडी फाटलेली, पिच्चित म्हणजे चेंगरून चपटी झालेली आणि घृष्ट म्हणजे घासून साल निघालेली. पाचवीतल्या मुलांची यादी यापाशी ठेवून पाहा. चिरलं, टोचलं, चेंगरलं, खरचटलं. त्यांना सुश्रुत ठाऊक नव्हता, पण सहापैकी चार प्रकार त्यांच्या बोलण्यात होते.

ही वर्गवारी केवळ शब्दांची हौस नाही. इजा कशी झाली यावर पुढचा धोका अवलंबून असतो. खरचटलेल्या जागी रक्त थोडंच येतं, पण चुरचुरतं फार. कारण त्वचेच्या वरच्या थरात वेदना जाणणारी मज्जातंतूंची टोकं दाट असतात आणि घासल्यामुळे ती मोठ्या भागात उघडी पडतात. खिळा टोचला तर उलटं होतं. बाहेर एवढंसं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण धनुर्वाताचे जंतू मातीत सुप्त रूपात असतात आणि ते प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात. खोल, अरुंद, तोंड मिटलेली जखम ही त्यांना हवी तशी जागा. म्हणून 'टोचलं' हे 'चिरलं'पेक्षा दिसायला लहान असलं तरी अधिक काळजीचं ठरू शकतं. कुत्रं 'चावलं' असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती जागा पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. 'मुका मार' डोक्याला असेल तर मुलाला उलटी होते का, गुंगी येते का, याकडे लक्ष ठेवायचं. आणि यांपैकी कशावरही चुना, चहापूड किंवा माती लावायची नाही.

म्हणजे 'लागलं' ऐवजी नेमका शब्द लिहिला, की निम्मं निदान तिथेच होतं.

घाव आधी, जखम नंतर

या सगळ्यांना मिळून आपण 'जखम' म्हणतो. हा शब्द फारसीतून मराठीत आला. गंमत अशी की जुन्या फारसीत 'जख्म' या शब्दाचा अर्थ जखम तसाच प्रहारही होता. तंतुवाद्याची तार छेडायच्या नखीला फारसीत 'जख्मा' म्हणतात, कारण तिने तारेवर प्रहार करायचा असतो.

आपल्या 'घाव' शब्दाची गोष्ट अगदी तशीच आहे. संस्कृतातल्या 'घात' या शब्दाचं प्राकृतात 'घाय' झालं आणि त्यातून मराठीत 'घाय' आणि 'घाव' आले. मूळ अर्थ प्रहार. 'एक घाव दोन तुकडे' किंवा 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा घाव म्हणजे मारलेला फटका. 'घाव भरून आला' असं म्हणतो, तेव्हा घाव म्हणजे त्या फटक्याने झालेली जखम. एकाच शब्दात कारण आणि परिणाम दोन्ही मावले. जुन्या मराठीतला 'घाय' आता एकटा फारसा ऐकू येत नाही, पण 'घायाळ' या शब्दात तो अजून जिवंत आहे.

आता एक प्रश्न. दगडाला घाव बसतो, पण दगडाला जखम होते का? आपण तसं म्हणत नाही. बावधनच्या मुलांना हे उदाहरण डोळ्यांपुढचं आहे. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला. रस्ते रुंद करायला आजूबाजूचा खडकही फोडला. हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा लाव्हारस थिजून झालेला. फोडलेल्या कडेवर सुरुंगाच्या भोकांच्या खुणा राहतात. त्या तशाच राहणार. कातळ आपली चीर बुजवत नाही. 'टेकडीला जखम झाली' असं वर्तमानपत्रात लिहितात, ती केवळ लिहिण्याची रीत. जखम होण्यासाठी ती भरून काढणारं कोणीतरी आत असावं लागतं. म्हणून जखम हा सजीवांसाठीचा शब्द आहे.

मग झाडाचं काय? झाडाच्या खोडात जाहिरातीचा खिळा ठोकलेला आपण नेहमी पाहतो. झाड सजीव आहे, त्यामुळे त्याला जखम होते. पण ती भरण्याची त्याची तऱ्हा वेगळी आहे. आपल्या त्वचेत इजा झालेल्या जागी नव्या पेशी येऊन खड्डा भरतात. झाड इजा झालेल्या लाकडाची दुरुस्ती करत नाही. ते त्या भागाभोवती जणू भिंती उभ्या करतं, कुजणं आत पसरू देत नाही आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. अमेरिकेतल्या अॅलेक्स शायगो या वनशास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं आणि १९७७ साली त्याची सविस्तर मांडणी केली. खिळा आतच राहतो, झाड त्याला गिळून टाकतं. आणि झाड शेंड्याकडे वाढत असल्याने तो खिळा वर्षानुवर्षं जमिनीपासून त्याच उंचीवर राहतो. वाढणाऱ्या मुलांना हे ऐकून फार आश्चर्य वाटतं.

भरून येणं, खपली धरणं, वण राहणं

आपल्या शरीरातली जखम कशी भरते? मराठी बोलीतच या क्रियेचे टप्पे आहेत.

पहिला टप्पा, रक्त थांबणं. कापल्याबरोबर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातल्या बिंबिका त्या जागी चिकटतात आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं तयार होतं. त्यात रक्तपेशी अडकून गाठ होते. ही गाठ वाळली की 'खपली धरली' असं आपण म्हणतो.

दुसरा टप्पा, लाल होणं, गरम लागणं, सुजणं आणि ठणकणं. ही चार लक्षणं पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने एकत्र नोंदवली होती. मुलांना वाटतं की सूज म्हणजे काहीतरी बिघडलं. खरं तर तिथे मदत पोचत असते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. जंतू फार झाले, की मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि जंतू मिळून पू होतो. मग जखम 'पिकली' किंवा 'चिघळली' असं आपण म्हणतो.

तिसरा टप्पा, 'भरून येणं'. तळापासून नवं, लालसर, दाणेदार मांस वर येतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या असतात आणि कोलॅजन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या पेशी असतात. कडेची त्वचा सरकत सरकत मध्यभागी येते. या काळात मुलं हमखास एक गोष्ट करतात. खपली काढतात! खपलीखाली सरकणाऱ्या कोवळ्या पेशी तिच्याबरोबर उपटल्या जातात आणि काम पुन्हा मागून सुरू करावं लागतं. जुन्या भांडणाची 'खपली काढू नका' असं मोठी माणसं म्हणतात, ते या अनुभवावरूनच.

चौथा टप्पा सगळ्यांत लांब. नवं कोलॅजन हळूहळू घट्ट होतं, नीट रचलं जातं. हे काम काही महिने, कधी वर्षभरही चालतं. तीन आठवड्यांनी नव्या त्वचेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे पाचवा हिस्सा असते. पुढे ती वाढते, पण सुमारे ऐंशी टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. तिथे केस येत नाहीत, घामाच्या ग्रंथी नसतात. राहते ती खूण म्हणजे 'वण'. हा शब्द संस्कृत 'व्रण' वरून आला. संस्कृतात व्रण म्हणजे जखम, मराठीत वण म्हणजे जखमेची खूण. 'व्रण' हा मूळ शब्दही आज आपण बहुधा खुणेसाठीच वापरतो. डॉक्टर मात्र पोटातल्या अल्सरला व्रण म्हणतात, तो जुन्या अर्थाने. सुश्रुतसंहितेतही म्हटलं आहे की जखम भरली तरी तिची खूण शरीर असेपर्यंत जात नाही.

म्हणजे 'बरं झालं' आणि 'पहिल्यासारखं झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आत राहिलेला काटा

आणखी एक शब्द पाहू. 'सल'. काटा मोडून आत राहिला की वरून त्वचा मिटते, पण बोट लागलं की तो टुपतो. यालाच 'सलणं' म्हणतात. हा शब्द 'शल्य' पासून आला. शल्य म्हणजे शरीरात घुसून राहिलेली परकी वस्तू, बाणाचं टोक, काटा, खडा. ते काढायची विद्या म्हणजे शल्यतंत्र, आणि त्यावरूनच आज शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आपण शल्यविशारद म्हणतो.

आता 'मनात सल राहिली' हे वाक्य घ्या. यात जखम झाली एवढंच सांगितलेलं नाही. काहीतरी आत राहून गेलं आहे, वरून मिटलेलं दिसतं, पण स्पर्श झाला की दुखतं, असं सांगितलं आहे. अशा मुलाला 'विसरून जा' म्हणणं म्हणजे काटा आत ठेवून वर पट्टी बांधणं. 'जखम', 'वण' आणि 'सल' हे तीन शब्द तीन वेगळ्या अवस्था सांगतात. जखम उघडी असते, तिला जपावं लागतं. वण भरलेला असतो, त्याला फक्त मान्य करावं लागतं. सल मात्र बाहेर काढावी लागते. त्यासाठी मुलाला बोलतं करावं लागतं.

मनाला लागणं हे खरं लागणं आहे का?

कोणी म्हणेल, मनाची जखम हा नुसता अलंकार. पण हा अलंकार जगातल्या अनेक भाषांत आहे. 'ट्रॉमा' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ शरीराची जखम. अपघात विभागाच्या दारावर आजही तो त्याच अर्थाने लिहिलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मनासाठीही वापरला जाऊ लागला. मराठीत आपण त्याला 'आघात' म्हणतो. पुन्हा 'घात' आलाच!

याबद्दल शास्त्रज्ञांनी काय पाहिलं आहे? २००३ साली अमेरिकेत नओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवून संगणकावर चेंडू टाकण्याचा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळाने इतर दोन 'खेळाडू' त्याच्याकडे चेंडू टाकणंच बंद करत. वगळलं जात असताना मेंदूतला जो भाग अधिक काम करताना दिसला, तो शारीरिक वेदनेतली तगमग जाणवते तेव्हाही काम करतो. म्हणजे दोन्ही वेदना एकच आहेत का? नाही, एवढ्या घाईने म्हणता येणार नाही. २०१४ साली अधिक बारकाईने केलेल्या अभ्यासात दिसलं की मेंदूचे भाग सामाईक असले तरी त्यांच्या आतली कामाची नक्षी दोन वेदनांसाठी वेगवेगळी असते. 'लागलं' हा शब्द जसा दोन्हीकडे चालतो, पण अर्थ तोच नसतो, तसंच काहीसं.

दुसऱ्या बाजूचा पुरावा अधिक ठोस आहे. मनाला लागलेलं असलं तर शरीराची जखम भरायला वेळ लागतो का? १९९५ साली जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली, अर्थात त्यांच्या संमतीने. दुसऱ्या गटाच्या जखमा सरासरी ३९ दिवसांत भरल्या. सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या भरायला सरासरी ४८ ते ४९ दिवस लागले. नऊ दिवसांचा फरक!

१९९८ सालचा त्यांचा पुढचा अभ्यास तर शिक्षकांनी वाचावाच असा. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा एकसारखी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी चाळीस टक्के अधिक वेळ लागला. अकरापैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या इतक्या लवकर भरली नाही. ताणामुळे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि जखमेपाशी येणाऱ्या पेशींचं पहिल्या टप्प्यातलं काम मंदावतं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

हे अभ्यास मोजक्या माणसांवरचे आहेत. पण धाकात असलेल्या मुलाचा गुडघाही उशिरा भरत असेल, ही शक्यता आपण मनात ठेवायला हरकत नाही.

'मला लागलं' या वाक्यात कर्ता कुठे आहे?

शेवटचा मुद्दा व्याकरणाचा, पण महत्त्वाचा. मराठीत 'लागणं' या क्रियापदाचे किती उपयोग आहेत पाहा. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ऊन लागतं, लळा लागतो. या सगळ्यांत काहीतरी आपोआप येऊन आपल्याला चिकटतं. कोणी केलं हे विचारायचं कारणच नसतं. 'मला लागलं' हे वाक्यही याच साच्यातलं आहे. पडून लागलं असेल तर हा साचा बरोबर आहे. पण कोणी मारलं असेल तर? तेव्हाही मूल 'लागलं' असंच म्हणू शकतं. 'मार लागला', 'मार बसला' या वाक्यांतही मारणारा नसतो. 'त्याने मला मारलं' या वाक्यात तो असतो. मुलांना हा फरक उपजत कळतो. ज्याचं नाव घ्यायची भीती वाटते, त्याला ती वाक्यातून वगळतात. मारणारा दादा असेल, बाप असेल, किंवा शिक्षकही असेल.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्यात कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला एकाच ओळीत बंदी घातली आहे. शरीराचं लागणं आणि मनाचं लागणं कायद्याने शेजारी शेजारी ठेवलं, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पण कायदा कामाला यायला आधी मुलाच्या तोंडून कर्ता असलेलं वाक्य यावं लागतं. ते दरडावून येत नाही. "काय लागलं?", "कसं लागलं?", "तेव्हा तिथे कोण कोण होतं?" असं शांतपणे, एकेक करून विचारावं लागतं. आणि उत्तर आलं नाही तर थांबावं लागतं.

गाय, घाय, घाव

आता त्या मुलीकडे येऊ. मी घरी जाऊन शब्दकोश चाळले. कन्नडमध्ये जखमेला खरोखरच 'गाय' म्हणतात. तेलुगूत 'गायम्'. हा शब्द प्राकृतातल्या 'घाय' वरून गेला आहे. म्हणजे आपल्या 'घाव' आणि 'घायाळ' यांचा तो सख्खा भाऊ. आम्ही ज्या शब्दाला हसलो, तो आमचाच शब्द होता. आमच्याकडे तो विरळ झाला, तिच्याकडे रोजच्या वापरात राहिला.

पाचव्या दिवशी मी फळ्यावर एका ओळीत लिहिलं, 'घात, घाय, गाय, घाव, घायाळ'. वर्गाला सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, त्या दिवशी एकच मुलगी सर्वांत जुना शब्द घेऊन आली होती आणि आपल्याला तो ओळखता आला नाही. तिने मान वर केली, पण काही बोलली नाही. सुट्टीत ती नोंदवही ठेवायला माझ्याबरोबर आली. मी विचारलं, "त्या दिवशी तुला लागलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "सगळे हसले."

हे कर्ता असलेलं वाक्य होतं. त्या 'सगळे'मध्ये मीही होते. मी तसं तिला म्हटलं आणि माझं चुकलं हेही सांगितलं.

वर्गात करून पाहा

१. इजा सांगणारे शब्द मुलांकडून गोळा करा. घरी कोणत्या भाषेत काय म्हणतात तेही आणायला सांगा. कोणाच्याही शब्दाला हसायचं नाही, हा नियम आधी ठरवा.

२. शब्दांचे गट पाडा. कारण सांगणारे (चिरलं, टोचलं), दिसणारं सांगणारे (सुजलं, टेंगूळ आलं), नंतर राहणारं सांगणारे (खपली, वण, सल). कोणत्या शब्दाला कोणता प्रथमोपचार, तो तक्ता मुलांनाच करू द्या.

३. एखाद्या मुलाला खरचटलं असेल तर तो रोज काय दिसतं ते दोन आठवडे लिहून ठेवेल. रंग, सूज, खपली, खाज. खपली न काढण्याची अट सांगायला विसरू नका.

४. शाळेजवळच्या झाडांवर ठोकलेले खिळे शोधा. खिळ्याभोवती झाडाने काय केलं आहे त्याचं चित्र काढा.

५. प्रथमोपचाराच्या नोंदवहीत 'काय झालं' या रकान्याशेजारी 'कसं झालं' असा आणखी एक रकाना आखा. आमच्याकडे तो आता आहे. आणि पेटीतल्या कापसाने किंवा पट्टीने बरं होणार नाही असं काही असेल, तर ते बाईंना येऊन सांगायचं, असंही आम्ही ठरवलं आहे.